नऊ किलो राखीव

काटेसाहेबांचं खरं नाव विचारलं तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागलं असतं. एकतीस वर्षं घाऊक बाजाराच्या फाटकावर भुईकाट्याच्या केबिनमध्ये बसून त्यांनी ट्रक तोलले. जमिनीत बसवलेल्या त्या भल्यामोठ्या लोखंडी फळीवर अख्खा ट्रक चढायचा, काचेमागे आकडा उमटायचा, आणि साहेब पावती फाडायचे. निवृत्त होताना लोकांनी घड्याळ दिलं, काटा मात्र साहेब डोळ्यांतच घेऊन घरी आले. बसमध्ये कुणी चढलं की ते पायरी किती दबली ते बघत आणि हळूच म्हणत, "ब्याऐंशी." शेजारणीचं बाळ मांडीवर आलं की इतर लोक गालगुच्चे घेत. साहेब तळहातावर झेलून सांगत, "सात किलो दोनशे. दुपटं सोडून."

त्यामुळे त्यांनी जुनी कॅम्परव्हॅन घेतली, तेव्हा इतरांनी आधी शेगडी पेटवून आणि गादी दाबून पाहिली असती, तसं त्यांनी काही केलं नाही. ते दाराशी ओणवे झाले आणि तिथली पत्र्याची पट्टी वाचली. सामानासकट जास्तीत जास्त तीन हजार पाचशे किलो. मग गाडी थेट आपल्या जुन्या काट्यावर नेली. रिकामी भरली तीन हजार नव्वद.

"चारशे दहा," घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं.

"चारशे दहा काय?"

"एवढंच न्यायचंय आपल्याला. पुढे एक चमचासुद्धा नाही."

बायको म्हणजे बाई. शाळेत सव्वीस वर्षं संगीत शिकवलेल्या, म्हणून सगळ्या गल्लीच्या बाई. त्यांनी चहाचा घोट घेतला, खिडकीतून खाली उभी असलेली पांढरी गाडी पाहिली आणि पहिली गोष्ट विचारली ती अशी: "माझा भाता नेता येईल?"

भाता म्हणजे अ‍ॅकॉर्डियन. शाळेत प्रार्थनेपासून स्नेहसंमेलनापर्यंत सगळं त्याच्यावरच वाजे. निवृत्तीनंतर दोघं या फ्लॅटमध्ये राहायला आली, आणि पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकून आपलं मत कळवलं. तेव्हापासून सहा वर्षं भाता कपाटावर, खोक्यात. बाई महिन्यातून एकदा खोकं पुसत आणि पुन्हा वर ठेवत.

"किती किलो?" साहेबांनी विचारलं.

"नऊ असेल."

"नऊ! अगं, नऊ किलोत आठवड्याचे बटाटे आणि अंडी येतात."

"अंडी वाजवता येत नाहीत."

"हे बघ, एक किलो आत यायचा तर एक किलो बाहेर गेला पाहिजे. नियम म्हणजे नियम. तुला भाता हवा तर तुझ्या वाट्याचं तू काहीतरी कमी कर."

बाईंनी यावर वाद घातला नाही. नुसतं "बरं" म्हणाल्या. तेहतीस वर्षांच्या संसारात हा शब्द साहेबांनी पुरता ओळखायला हवा होता. पण त्यांचं लक्ष नव्या वहीवर रेघा मारण्यात होतं.

पुढचे चार महिने घरात वजनाचं राज्य आलं. स्वयंपाकघरातला छोटा काटा, बाथरूमचा काटा आणि हुकाला लटकवून तोलायचा, भंगारातून आणलेला ताणकाटा, अशी तीन हत्यारं साहेबांनी परजली. पाण्याची टाकी, शंभर. गॅसच्या दोन टाक्या, चोवीस. गाडीबाहेर सावलीसाठी लावायची ताडपत्री दांड्यांसकट, अठ्ठावीस. हत्यारांची पेटी, अठरा. दोन खुर्च्या, एक टेबल, अंथरुणं, भांडी, तीन हातटॉर्च. कांदे सोलून न्यावेत की सालीसकट, यावर एक संध्याकाळ गेली. टूथब्रश तोलताना बाई म्हणाल्या, "अर्धे केस कापून टाका. दोघांचे दात मिळून तेवढे उरलेत." साहेबांनी ती सूचना खरंच मनात घोळवून पाहिली.

वहीतला शेवटचा आकडा मोठा सुबक आला. सामान चारशे एक. म्हणजे नऊ किलो उरले. साहेबांनी त्यापुढे लिहिलं, "राखीव", आणि खाली दोन रेघा मारल्या. कशासाठी राखीव, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण आयुष्यात काहीतरी राखून असावं, असं त्यांचं मत होतं.

एवढ्या सगळ्या तोलामापात एक वजन मात्र ते तोलायचं टाळत होते.

बाई हलक्या होत चालल्या होत्या.

आधी त्यांना ते पलंगावरून कळलं. बाई काठावर टेकल्या की पलंग एक ठरावीक कुरकुर करी, ती पातळ झाली. मग बोटातली अंगठी फिरायला लागली. पॅंटला आत दोन सेफ्टी पिना आल्या. ज्या बाई पावाला लोणी थापत, त्या कोरडा पाव कुरतडून "नको, पोट भरलं" म्हणू लागल्या. चहातली साखर गेली. लोक म्हणत, "वा बाई, छान बारीक झालात!" आणि साहेब तिथून उठून जात.

कारण हे कौतुक त्यांनी आधी एकदा ऐकलेलं होतं. त्यांची थोरली बहीण अशीच बारीक झाली होती. सगळे तिला छान दिसतेस म्हणत होते. साहेबांना मात्र आकडा दिसत होता, महिन्याला दोन, मग तीन. दिसत होता, पण त्यांनी विचारलं नाही. ताईने डॉक्टरकडे जायला फार उशीर केला, आणि त्याच वर्षी ती गेली. ट्रकवाला चाळीस किलो दडवायला गेला तर त्याला खाली उतरवणारा हा माणूस, पण स्वतःच्या बहिणीला "तुझं वजन का उतरतंय गं" एवढं विचारू शकला नव्हता.

आता बायकोला तरी विचारावं की नाही? एकदा धीर करून विचारलं. "बरं आहे ना तुला?"

"मला काय धाड भरलीय?" बाई म्हणाल्या आणि गाजर चावू लागल्या.

निघायच्या तीन दिवस आधी कपडे तोलणं चालू होतं. बाईंचा कोट तोलण्याआधी साहेबांनी खिसे रिकामे केले. खिशातल्या वस्तू हे चोरटं वजन असतं, हा त्यांचा जुना अनुभव. एक रुमाल, दोन लवंगा, आणि घडी घातलेला कागद. कागदावर बाईंच्या रेखीव अक्षरात तारखा आणि आकडे होते. वर एकाहत्तर पूर्णांक सहा. मग सत्तर, अडुसष्ट, सहासष्ट, असं उतरत उतरत शेवटी बासष्ट पूर्णांक चार. त्याखाली दोन रेघा.

साहेब तिथेच पलंगावर बसले. म्हणजे हिलाही ठाऊक आहे. ही तारखा लिहून ठेवतेय. कुणीतरी लिहायला सांगितलं असणार, आणि असं लिहायला डॉक्टरशिवाय कोण सांगतं?

त्याच संध्याकाळी बाई बाल्कनीचं दार ओढून लेकीशी फोनवर बोलत होत्या. दार नीट लागत नव्हतं. "बाबांना एवढ्यात कळू देऊ नकोस हं," साहेबांना ऐकू आलं. "गाडी निघेपर्यंत तरी नाहीच. उगाच जीव खातील."

साहेब स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि बंद केला. कागद जसा होता तसा कोटाच्या खिशात परत गेला. वहीत त्यांनी लिहिलं, "कोट, एक किलो सहाशे." सहाचं शेपूट खाली लांब गेलं. त्यांनी मनाशी ठरवलं, तिला ही ट्रिप हवी आहे, तर ट्रिप होऊ दे. तिला हवं तिथे थांबू. आल्यावर विचारू. आणि लगेच स्वतःलाच बजावलं, ताईच्या वेळीही असंच ठरवलं होतंस.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला, सगळं भरून, टाकी काठोकाठ करून, साहेबांनी गाडी बाजाराच्या फाटकावर नेली. शेवटचं वजन अधिकृत काट्यावरच व्हायला हवं होतं. केबिनमध्ये आता त्यांच्या हाताखाली अठरा वर्षं काढलेली काटेवाली बसत होती. जाड भिंगांचा चष्मा, कानामागे पेन, आणि आवाज असा की लाऊडस्पीकरची गरज नाही.

"या साहेब! काय माल आहे?"

"संसार," साहेब म्हणाले. "तीन हजार चारशे नव्वद दाखवेल बघ, वरचा एक किलो हा काटा धरत नाही. मी आधीच सांगतो."

गाडी फळीवर चढली. साहेब उतरले, वळसा घालून बाईंच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "उतर. काट्यावर माणूस नको."

बाई उतरल्या. दोघं फळीच्या बाहेर उभी राहिली. काचेमागे लाल आकडे थरथरले आणि थांबले.

तीन हजार पाचशे.

साहेबांनी चष्मा पुसला. आकडा तोच. "दहा किलो जास्त," ते म्हणाले. "काटा बिघडलाय तुझा."

काटेवाली खुर्चीतून उठलीच. "माझा काटा? मागच्याच महिन्यात तपासून शिक्का मारून घेतलाय. साहेब, तुम्हीच शिकवलंत ना, माल खोटं बोलतो, काटा बोलत नाही म्हणून?"

"पण माझी वही..."

"काटा बरोबर आहे," बाई मध्येच म्हणाल्या. त्यांचा चेहरा शाळेत खोडी सापडलेल्या मुलीसारखा झाला होता. "भाता आहे आत. पलंगाखाली. परवा तुम्ही दाढी करत होता तेव्हा ठेवला."

"अगं, पण नियम! एक किलो आत तर..."

"एक किलो बाहेर. पाळलाय मी नियम." बाईंनी कोटाच्या खिशातून तो कागद काढून त्यांच्या नाकासमोर धरला. "भाता खोक्यासकट नऊ किलो दोनशे. मी एकाहत्तर सहाशे होते, आता बासष्ट चारशे आहे. करा वजाबाकी. तुम्हीच म्हणालात ना, तुझ्या वाट्याचं कमी कर? कपडे मुळातच मोजून चार, त्यातून काय काढू? मग म्हटलं, अंगावर कितीतरी आहे, त्यातूनच काढू."

साहेबांनी कागद घेतला नाही. ते बाईंकडे बघत राहिले.

"म्हणजे तू... हे मुद्दाम केलंस?"

"नाहीतर काय आपोआप झालं? चार महिने लोण्याकडे पाहिलं नाही मी! रोज संध्याकाळी नदीपर्यंत चालत गेले. तुम्हाला वाटायचं भाजी आणायला जाते."

"डॉक्टर?"

"डॉक्टर कशाला? सुरुवातीला एकदा दाखवून आले, म्हटलं या वयात करू ना? ते म्हणाले, आधीच करायला हवं होतं."

"मग लेकीला का सांगत होतीस, बाबांना कळू देऊ नकोस म्हणून?"

"अहो, तुम्हाला सांगितलं असतं तर रोज सकाळी मला काट्यावर उभं केलं असतं. वहीत रकाना पाडला असता. मला लाज आहे की नाही?"

काट्याच्या कडेला सिमेंटचा कट्टा होता. साहेब त्यावर बसले, म्हणजे बसवले गेल्यासारखे बसले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांचा जीव चार महिने हवेतच लटकत होता, आणि आता भांडं सापडलं होतं. त्यांना हसायला येत होतं आणि नाकही वाहत होतं. बाईंनी रुमाल दिला. त्यात लवंगा होत्या, त्या खाली सांडल्या.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. मला वाटलं ताईसारखं..."

बाईंच्या चेहऱ्यावरची खोडी एकदम विरली. त्या शेजारी बसल्या. "विचारायचंत ना मग, खुळ्यासारखं मनात काय ठेवायचं?"

"विचारलं होतं. तू म्हणालीस धाड भरली नाही."

"मग खरंच सांगितलं ना!"

मागे दोन ट्रक येऊन उभे राहिले होते. पहिल्याने हॉर्न दिला. काटेवाली खिडकीतून ओरडली, "साहेब, काट्यावर तीन मिनिटांपेक्षा जास्त गाडी नाही. पाटी तुमच्याच अक्षरात आहे!"

साहेब उठणार तेवढ्यात बाई थांबल्या. त्यांच्या कपाळावर आठी आली. "पण मला एक सांगा. मी नऊ कमी केले, भाता नऊचा आला. मग फिटंफिट झाली ना? तुमचा आकडा वाढला कसा?"



उत्तर खिडकीतून आलं. "बाई, तुम्ही गाडीत आहात कुठे? तुम्ही तर खाली बसल्यात. आणि साहेब, गाडी उद्या कोण चालवणार? की तुम्ही मागून ढकलत जाणार?"

ट्रकवाल्याचा हॉर्न अर्ध्यात थांबला. साहेबांनी वही उघडली. पाणी, गॅस, ताडपत्री, टूथब्रश, सोललेले कांदे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माणूस नावाची नोंद नव्हती. एकतीस वर्षं प्रत्येक ड्रायव्हरला त्यांनी आधी खाली उतरवलं होतं, कारण काटा मालाचा, माणसाचा नाही. आणि त्याच शिस्तीत त्यांनी स्वतःला आणि बायकोला आपल्याच ट्रिपमधून उतरवून ठेवलं होतं.

"म्हणजे मला धरलंच नव्हतंत?" बाई म्हणाल्या.

"मलाही नव्हतं धरलं," साहेब म्हणाले, जणू त्याने काही फरक पडत होता.

"मी लोणी सोडलं, आणि वहीत मी नव्हतेच!"

बाईंनी वही त्यांच्या हातातून घेतली आणि शेवटचं पान पाहिलं. बोट एका ओळीवर थांबलं. "आणि हे काय? राखीव, नऊ?"

"राखीव."

"कशासाठी?"

"राखीव म्हणजे... राखीव."

"नऊ किलो शिल्लक होते! नेमके नऊ!"

साहेबांनी एकवार ट्रककडे, एकवार आभाळाकडे पाहिलं. दोन्हीकडून मदत आली नाही. बाईंनी वही मिटून त्यांच्या छातीवर आपटली आणि मग अशा हसत सुटल्या की पोट धरून त्यांना ताणकाट्याच्या हुकासारखं वाकावं लागलं. काटेवाली केबिनमध्ये टेबल बडवत होती. पहिला ट्रकवाला काय चाललंय ते बघायला उतरून आला. सगळं समजून घेतल्यावर तो दुसऱ्याला सांगायला गेला.

हसू ओसरल्यावर साहेबांनी मान ताठ केली. एरवी अशा चुकीने त्यांनी आठवडाभर अन्न गोड मानलं नसतं. आज त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. "तुझे बासष्ट, माझे अठ्ठ्याहत्तर, एकशे चाळीस किलो जास्त होताहेत," ते जवळजवळ आनंदाने म्हणाले. "चला, उतरवू या."

गाडी बाजूला घेतली. टाकीचा नळ सोडला आणि शंभर लिटर पाणी आवारातल्या धुळीत वाहू दिलं. पाणी काय, जाऊ तिथे मिळेल. दुसऱ्या ट्रकवाल्याने त्यात आपले हात-पाय आणि समोरची काच धुऊन घेतली. मग हत्यारांची पेटी उतरली.

"पंक्चर झालं तर?" बाईंनी विचारलं.

"कुणीतरी थांबेल."

मग ताडपत्री.

"ऊन लागलं तर?"

"झाडाखाली बसू."

बाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

काटेवालीने ताडपत्री आणि पेटी केबिनच्या कोपऱ्यात ठेवून घेतली आणि रीतसर पावती फाडली: माल जमा, नग दोन, धन्याच्या जोखमीवर. "साहेबांनीच शिकवलंय," ती बाईंना म्हणाली. "ओळखीचा माणूस असला तर पावती दोनदा वाचून घ्यायची."

तेवढ्यात साहेब रस्त्यापलीकडच्या उपाहारगृहात जाऊन आले. परत आले ते हातात कागदात गुंडाळलेला एक बन घेऊन. बाईंनी वास ओळखला. लोणी, आणि तेही दोन्ही बाजूंनी.

"बसा आता दोघं गाडीत," काटेवाली ओरडली. "माणसांसकट तोलते. असं या काट्यावर पहिल्यांदाच होतंय."

गाडी पुन्हा फळीवर चढली. या वेळी कुणी उतरलं नाही. साहेब चालकाच्या जागी, बाई शेजारी. पहिला ट्रकवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, एवढ्या नऊ किलोंची गोष्ट ऐकली, आता ऐकवा तरी तो वाजतो कसा."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब मागे गेले, पलंगाखालून खोकं ओढलं, भाता उचलला आणि उचलतानाच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नऊ दोनशे. बरोबर आहे." मग तो बायकोच्या मांडीवर ठेवला.

सहा वर्षांनी पट्टे खांद्यावर चढले. ते दोन घरं आवळावे लागले. पहिला सूर खरखरीत आला, दुसरा जरा बरा, आणि तिसऱ्याला आवारातली कबुतरं उडाली. इथे झाडूचा दांडा नव्हता, की छत नव्हतं. बाईंनी शाळेतली प्रार्थना धरली. पण प्रार्थना त्यांच्या बोटांत फार वेळ टिकली नाही, तिचं हळूहळू नाचाच्या गाण्यात रूपांतर झालं. त्या पाय आपटत होत्या, गाडी त्या तालावर डुलत होती.

काचेमागे आकडा तीन हजार चारशे नव्वद झाला, पाचशे झाला, पुन्हा नव्वदवर आला.

"साहेब!" काटेवाली ओरडली. "आकडा ठरत नाही! बाईंना जरा हलू नका म्हणावं, पावती फाडायचीय!"

एकतीस वर्षांत आकडा ठरल्याशिवाय साहेबांनी एकाही गाडीला फाटकाबाहेर सोडलं नव्हतं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून नको नको असा हलवला. "पाचशेच्या आत आहे ना? मग वाजवू दे तिला."

मग त्यांनी बनचा कागद उलगडला, एक तुकडा मोडला आणि शेजारी धरला. बाईंचे दोन्ही हात भात्यात अडकलेले होते. त्यांनी वाजवणं थांबवलं नाही. नुसतं तोंड उघडलं.